‘कोणती पुस्तकं ठेवू?’ च्या आधी ‘कोण वाचणार?’

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्याची नोकरी सोडून तुम्ही शहाद्याला परत आलाय, मंदिराच्या रस्त्यावर घरचाच दहा बाय चौदाचा गाळा रिकामा आहे, हातात दोन लाख आहेत, तर फक्त धार्मिक पुस्तकांचं दुकान चालेल का, आणि चालणार असेल तर पहिल्यांदा भरायच्या शंभर पुस्तकांची यादी द्या. अमळनेरला माझं असंच छोटं दुकान आहे, 26 वर्षं झाली, म्हणून लिहायला बसलो. जरा लांबेल, पण हा विषय दोन ओळीत सांगितला तर तुमचं नुकसान होईल.

यादी मी देणार नाही. लपवायचं म्हणून नाही, माझी यादी तुमच्याकडे चालणारच नाही म्हणून. अमळनेर आणि शहादा, अंतर फार नाही, पण घराघरात वाचली जाणारी पोथी वेगळी आहे. आणि खरं सांगू का, तुमची अडचण पुस्तकं कोणती ही नाहीच, पुस्तकं तर फोन केला की चार दिवसांत ट्रान्सपोर्टला येऊन पडतात. अडचण ही आहे की समोर उभा राहिलेला माणूस ‘ज्ञानेश्वरी आहे का’ विचारतो तेव्हा त्याला नेमकं काय पाहिजे हे तुम्हाला कळलं पाहिजे. ते कळलं नाही तर दोन लाखांचा माल भरूनही तो रिकाम्या हाताने जातो आणि तुम्हाला वाटतं की लोक वाचत नाहीत.

माझं काय झालं ते सांगतो. पहिल्या वर्षी एका मोठ्या होलसेलवाल्याने यादी करून दिली, मी डोळे झाकून माल उचलला. त्यात जाड पुठ्ठ्याच्या, सोनेरी अक्षरांच्या, अर्थासह ज्ञानेश्वरीच्या 40 प्रती होत्या. पौष-माघात आपल्याकडे गावोगाव सप्ते लागतात, मला वाटलं आता जातील. लोक यायचे, हातात घ्यायचे, दोन पानं उलटायचे आणि परत ठेवायचे. शेवटी एका खेड्यावरचे रिटायर गुरुजी होते, त्यांनी मला बसवून समजावलं, की अरे पारायणाला बसणाऱ्याला अर्थ नको असतो, त्याला नुसत्या मूळ ओव्यांची प्रत लागते, अक्षर मोठं, वजन कमी, आणि मुख्य म्हणजे व्यासपीठावर जी प्रत आहे तीच. कारण ज्ञानेश्वरीच्या छापील प्रती सगळ्या सारख्या नाहीत, साखरे महाराजांची परंपरा वेगळी, राजवाड्यांनी छापलेली वेगळी, दांडेकरांची वेगळी, ओव्यांच्या आकड्यात फरक, शब्दांत फरक. नऊ हजारांच्या आसपास ओव्या सात दिवसांत शंभर माणसं एका सुरात वाचतायत आणि तुमच्या प्रतीत मधेच एक ओवी जास्त निघाली तर तुम्ही अडखळलात, शेजारचा अडखळला. म्हणून तो माणूस पुस्तक परत ठेवत होता. त्याला पुस्तक महाग वाटत नव्हतं, ते त्याच्या कामाचं नव्हतं.

तेव्हापासून आजपर्यंत माझा काउंटरवरचा पहिला प्रश्न एकच आहे, कोण वाचणार? तुम्ही वाचणार का आई, सप्त्यात का घरी, रोज एक अध्याय का सात दिवसांत, आधी कोणती होती घरात. लोकांना याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. आणि या चार प्रश्नांत नव्वद टक्के काम होऊन जातं.

गुरुचरित्राचंच घ्या. काही प्रतींत 52 अध्याय आहेत, काहींत 53. सात दिवसांच्या सप्ताहाची वाटणी त्यावर ठरते. एखाद्या सेवाकेंद्रात जाणारी मंडळी असतील तर त्यांना केंद्राचीच प्रत लागते, तुमच्याकडची कितीही चांगली असली तरी चालत नाही, आणि ते बरोबरच आहे, सगळ्यांनी मिळून वाचायचं असतं. अशा वेळी मी सरळ सांगतो की तुमच्या केंद्रातूनच घ्या. गिऱ्हाईक गेलं असं तेव्हा वाटतं, पण तोच माणूस पुढच्या महिन्यात नवनाथ घ्यायला माझ्याकडे येतो कारण मी त्याला चुकीची प्रत गळ्यात मारली नव्हती.

बायकांनी गुरुचरित्र वाचावं का, हा प्रश्न तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी येणार. दुकानदाराने याचा निवाडा करू नये असं माझं ठाम मत आहे. घरची रीत, गुरूंची आज्ञा जी असेल ती त्या ताईंनी पाहावी. पण पुस्तक मागायला आलेल्या बाईला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. कुणाला संकोच वाटत असेल तर टेंबे स्वामींचं सप्तशती गुरुचरित्रसार आहे, ते पुढे ठेवतो, निवड तिची.

आता तुमच्या शहाद्याकडे येऊ, कारण तिथे एक गोष्ट अशी आहे जी तुम्हाला पुण्यात राहून कदाचित विसरायला झाली असेल. तुमच्या तालुक्यात सारंगखेडा आहे. तापीकाठी एकमुखी दत्ताचं मंदिर, दत्तजयंतीची यात्रा, घोडेबाजार, सगळं तुम्हाला माहीत आहे. पण ते दत्त महानुभाव पंथाचे आहेत आणि आपल्या खान्देशात महानुभावी घरं भरपूर आहेत. त्यांचे पाच कृष्ण, म्हणजे श्रीकृष्ण, दत्तात्रेय प्रभू, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर स्वामी, आणि या पाचांशिवाय ते दुसऱ्या देवाची उपासना करत नाहीत. म्हणजे ‘दत्ताचं पुस्तक द्या’ असं दोन माणसं विचारतील आणि दोघांना वेगळं पुस्तक लागेल. मी सुरुवातीला एका वयस्कर बाबांना मोठ्या उत्साहाने तीन मुखांच्या दत्ताचा फोटो असलेलं गुरुचरित्र काढून दिलं होतं. त्यांनी शांतपणे ते बाजूला ठेवलं, दंडवत प्रणाम म्हणाले आणि निघून गेले. मला नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं, दुकानात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचं दैवतच आपल्याला माहीत नाही हे दाखवून दिलं मी. तेव्हापासून समोरचा बोलायला लागला की त्याचा नमस्कार आधी ऐकतो. रामराम, राम कृष्ण हरी, जय श्री स्वामी समर्थ, दंडवत प्रणाम, जय स्वामिनारायण, जय भीम, या पहिल्या दोन शब्दांतच अर्धी ऑर्डर असते. महानुभावांसाठी सूत्रपाठ, दृष्टांतपाठ, लीळाचरित्राच्या प्रती, स्मरणाच्या छोट्या पुस्तिका ठेवा, पण त्या आधी जवळच्या आश्रमात जाऊन तिथल्या महंतांना विचारून ठेवा, कोणती प्रत मानतात, कुठून मागवतात. माझ्या अंदाजाने शहाद्यात हा कप्पा माझ्यापेक्षा मोठा लागेल.

तसंच तोरणमाळ. वर गोरक्षनाथांचं मंदिर, महाशिवरात्रीला यात्रा, म्हणून तुमच्याकडे नवनाथ भक्तिसार चांगला चालायला पाहिजे, 40 अध्यायांची पोथी आहे, पण यात्रेला डोंगर चढणारा माणूस जाड पोथी उचलत नाही, तो खिशात मावेल ती आरती किंवा चालिसा घेतो आणि पोथी घरी आल्यावर, श्रावणात. प्रकाशा गावी संगमावर येणारा शिवलीलामृत मागेल, आणि बऱ्याच जणांना त्यातला नुसता अकरावा अध्याय हवा असतो, तो वेगळा छापलेला मिळतो, तो जरूर ठेवा. गुजरातची हद्द जवळ आहे, थोडी गुजराती पुस्तकंही ठेवून बघा, इथे मी खात्रीने सांगू शकत नाही, ते तुमच्या गल्लीवर अवलंबून आहे. माझ्याकडे रावेर, यावल, फैजपूरकडचे पाहुणे येतात तेव्हा स्वामिनारायणाची शिक्षापत्री विचारतात, तेवढ्यापुरत्या चार-पाच ठेवतो.

पैशाचं बोलू. या धंद्याचा गल्ला महिन्यावर नाही, तिथीवर चालतो. इंग्रजी कॅलेंडर धरून हिशोब केलात तर घाबराल, कारण दोन महिने भाडं निघणार नाही आणि मग एका मार्गशीर्षात वर्षाची कसर भरून निघेल. गुरुवारच्या महालक्ष्मी व्रताची पुस्तिका, दहा-पंधरा रुपयांची, ती माझ्याकडे शेकड्याने जाते, उद्यापनाला बायका पाच-सात-अकरा घेऊन वाटतात. वैभवलक्ष्मीचंही तसंच. त्याच महिन्यात दत्तजयंतीचा सप्ताह, आणि तुमच्याकडे सारंगखेड्याची यात्रा. म्हणजे मार्गशीर्षाचा माल दिवाळीच्या आत दुकानात पडलेला पाहिजे, नंतर प्रकाशक फोन उचलत नाहीत. श्रावणात शिवलीलामृत, सोळा सोमवार, नवनाथ. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशची देवी कानबाई बसते, तेव्हा आरत्यांची पुस्तकं जातात. भाद्रपदात हरतालिका आणि आरतीसंग्रह, नवरात्रात दुर्गा सप्तशती, त्यातही विचारा की संस्कृत पाहिजे की प्राकृत ओवीबद्ध. आषाढीच्या आधी हरिपाठ आणि तुळशीच्या माळा, मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते ती जवळपास महिनाभर चालते, त्यातली आमच्याकडची काही मंडळी निघायच्या आधी येऊन जातात. 14 एप्रिलच्या आधी त्रिसरण-पंचशीलाच्या वंदनेच्या पुस्तिका, त्या मी पहिल्यापासून ठेवतो, दुकान सगळ्यांचं आहे. आणि चैत्रात आपल्या भागातून लोक पायी सप्तशृंगी गडाला जातात तेव्हा पुस्तकं नाही, पिशव्या, झेंडे, आईचे फोटो जातात.

आमच्याकडे वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीच्या वाळवंटात दुकानं लागतात. मी चार वर्षं तिथे स्टॉल लावला, मग बंद केला. ऊन 44-45, पुस्तकं तापतात, आणि यात्रेतला माणूस पाळणे, भांडी, खेळणी यांच्या मूडमध्ये असतो, पोथी निवडायला निवांतपणा लागतो. उलट यात्रेच्या गर्दीतून जो मुद्दाम वाट वाकडी करून दुकानापर्यंत येतो तो घेऊनच जातो. म्हणून तुम्हीसुद्धा सारंगखेड्याला स्टॉल लावायच्या आधी एक वर्ष नुसतं फिरून बघा, काय विकलं जातं, कोण विकतंय.

अधिक मास विसरू नका. 2023 ला अधिक श्रावण, 2026 ला अधिक ज्येष्ठ, साधारण अडीच-तीन वर्षांनी येतो, त्या एका महिन्यात अधिकमास माहात्म्याच्या पोथीला एवढी मागणी असते की पुरत नाही आणि महिना संपला की पुढची तीन वर्षं कुणी हात लावत नाही. म्हणजे तीसच्या जागी वीसच मागवायच्या आणि संपल्या तर संपू द्यायच्या.

पंचांगाचं याहून कडक आहे. दाते पंचांग, कालनिर्णय हे दुकानात असलंच पाहिजे, त्यासाठी येणारा माणूस दुसरंही काही घेतो. पण पाडवा झाला की पंचांगाचा भाव पडतो आणि जून-जुलैनंतर ती रद्दी. एका वर्षी मी कमिशन जास्त मिळतंय म्हणून गरजेपेक्षा दुप्पट उचलली, परत घेण्याची बोली तोंडी होती, कागदावर नव्हती, आणि समोरच्याने नंतर हात वर केले. नव्वद प्रती अंगावर पडल्या. तेव्हा परतीच्या बोलीवर माल मिळत असेल तर व्हॉट्सअपवर का होईना, लिहून घ्या.

कमिशन साधारण वीस ते तीस टक्के, छोट्या पुस्तिकांवर थोडं जास्त मिळतं. गोरखपूरच्या गीता प्रेसची पुस्तकं, 1923 पासून ते लोक छापतायत, मराठीतही बरीच आहेत, त्यांची किंमत एवढी कमी असते की तुम्हाला एका प्रतीमागे फार काही सुटत नाही, गठ्ठ्याची हमाली आणि भाडं धरलं तर कधीकधी काहीच नाही. तरी ठेवा. ज्याच्याकडे तीनशे रुपये नाहीत त्याला गीता घरी नेता आली पाहिजे, आणि छपाईत चुका कमी असतात म्हणून शास्त्री-पुरोहित लोक विश्वासाने घेतात. पुस्तकांवर जीएसटी नाही, पण अगरबत्ती, कॅलेंडर, फ्रेम वगैरे ठेवलं की आहे, ते सीएला विचारून घ्या. आणि ते ठेवावंच लागेल. नुसत्या पुस्तकांवर एक घर चालणं अवघड आहे, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. माझ्याकडे निम्म्याला थोडा कमी गल्ला जानवी, कापूर, वाती, माळा, अष्टगंध, पोथीचा लाल रुमाल, लाकडी व्यासपीठ यांचा असतो. घरचा गाळा आहे म्हणून तुम्ही टिकाल, भाड्याचा असता तर मी आधी विचार करा म्हटलं असतं. दोन लाखांतले एक लाखच मालात टाका, पंचवीस-तीस हजार रॅक आणि लाइटला, बाकी हातात ठेवा, कारण खरी यादी तुम्हाला पहिल्या वर्षात गिऱ्हाईक सांगणार आहे. एक वही ठेवा, जे पुस्तक कुणी मागितलं आणि तुमच्याकडे नव्हतं ते तारखेसकट, तिथीसकट लिहायचं. माझ्या अशा अकरा वह्या झाल्यात. माझी यादी म्हणजे त्या वह्या.

दिवस कसा जातो विचारलंत. सकाळी नऊला उघडतो, सगळ्यात आधी धूळ, आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे, फडकं रोज मारलं नाही तर आठ दिवसांत पांढरं कव्हर मातकट होतं. मग दिवा, आणि भवानी बहुतेक वेळा एखाद्या गुरुजींकडूनच होते, कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे वास्तुशांत, जानव्याचा जोड, सुपारी. अकरा ते एक एसटीने आलेली खेड्यावरची माणसं, बाजाराच्या दिवशी जास्त. एक ते चार उन्हाळ्यात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा मी वाचतो. हे गंमत म्हणून नाही सांगत, न वाचता हा धंदा होत नाही, निदान प्रत्येक पोथीची प्रस्तावना आणि फलश्रुती वाचलेली पाहिजे. संध्याकाळी सहानंतर बायका, शाळा-ऑफिसवाले. मधेच एखादा तत्त्वज्ञान मंदिराकडे आलेला अभ्यासक चुकून येतो, 1916 पासूनची ती संस्था आमच्या गावची शान आहे, तो शांकरभाष्य वगैरे विचारतो, ते माझ्याकडे क्वचित असतं, पण त्याच्याशी तासभर बोलणं होतं.

आणि म्हाताऱ्या आज्या. ‘भाऊ, मोठा अक्षरनी पोथी शे का? माले बारीक दखात नही.’ हे वाक्य मी रोज ऐकतो. मोठ्या टायपाची प्रत दोन-दोन जास्तच ठेवा, महाग असली तरी. आणि आजीला प्रत हातात देऊन दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन दोन ओळी वाचायला सांगा. वाचता आल्या तरच विका.

माल घेताना बाइंडिंग बघा. पुस्तक बरोबर मधोमध उघडायचं, दोरा दिसला पाहिजे. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पोथी आपल्या मे महिन्यात टिकत नाही, गोंद कडक होतो आणि रोज उघडझाक झाली की पानं सुटतात. पोथीची पानं सुटली की माणसाला मनाला लागतं, कादंबरीचं तसं नाही. रॅक पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, दुपारभर ती तापते आणि पावसाळ्यात बहुतेक तिलाच ओल येते. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, एक तर पोथी पायाशी नको, दुसरं वाळवी. माझी एका पावसाळ्यात खालची पूर्ण रांग गेली, वरून सगळं ठीक दिसत होतं, हात लावला तर आत माती. आता दर पंधरा दिवसांनी खालची रांग उचलून बघतो, कडुनिंबाचा पाला आणि कापूर ठेवतो.

मोबाइलमुळे काय झालं हे तुम्ही विचारलेलं नाही पण मनात असणार. सुट्या स्तोत्रांच्या पुस्तिका कमी झाल्या, अथर्वशीर्ष, रामरक्षा लोक फोनवर बघतात, हे खरं आहे. पण पाठाला बसणारा माणूस पाटावर फोन ठेवत नाही. आणि पंधरा रुपयांची पुस्तिका कुरिअरने मागवणं कुणाला परवडत नाही. उलट फोनने मला सुरत मिळालं. आपली किती माणसं उधना, लिंबायतला कामाला आहेत तुम्हाला माहीत आहेच, त्यांना तिकडे आपल्या वळणाची पोथी पटकन मिळत नाही, ते व्हॉट्सअपवर फोटो टाकतात, मी एसटीच्या पार्सलने पाठवतो किंवा आखाजीला (अक्षय तृतीयेला), दिवाळीला घरी आले की घेऊन जातात. शहाद्याहून सुरत तर माझ्याहून जवळ, तुम्ही हे पहिल्या महिन्यातच सुरू करा.

आता दोन गोष्टी ज्यातून पैसा मिळत नाही पण त्या केल्याशिवाय हे दुकान करू नका असं मी म्हणेन. एक, जुन्या पोथ्या. लोक जीर्ण पोथी घेऊन येतात, वडिलांची असते, पानं पिवळी, कडा खाल्लेल्या, हळदीकुंकवाचे डाग, आणि विचारतात हिचं काय करू, नदीत सोडू का. मी आधी बघतो की बाइंडिंग करून वाचेल का. गावात एक बाइंडर आहेत, शिवून नवा पुठ्ठा घालून देतात. एक ताई सासऱ्यांचं हरिविजय घेऊन आल्या होत्या, मधली अकरा पानं नव्हती, मी दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स काढून त्याच मापात कापून आत बसवून दिली, त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायला मी आजही दुकान उघडतो. आणि हाताने लिहिलेली पोथी आली, सुटी लांबट पानं, काळी शाई, दोन लाकडी फळ्यांत बांधलेली, तर काहीही करून ती नदीत जाऊ देऊ नका. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिर आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य घालून गावोगावची रामदासी बाडं तिथे जमवली, आणि राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे 1926 ला धुळ्यातच वारले, त्यांचा संग्रह तिथे सांभाळलाय. तिथे दाखवा म्हणून सांगायचं. मी आजवर सहा घरांना पाठवलं, चार गेले.

दुसरी, गरुडपुराण. घरात कुणी गेलं की दहा-तेरा दिवसांत वाचायचं असतं, आणि नंतर ते घरात ठेवायचं नाही असा आपल्याकडे समज आहे. त्यामुळे माणूस दुकानात येतो तो डोकं उतरवलेला, डोळे सुजलेले, आणि त्याला विकत घ्यायला अवघड वाटतं, न घेऊन चालत नाही. मी तीन प्रती वेगळ्या ठेवल्यात, त्या विकायच्या नाहीत. नाव लिहून घ्यायचं, न्या, तेरावं झालं की आणून द्या. पैसे नाही, डिपॉझिट नाही. 26 वर्षांत दोनच प्रती परत आल्या नाहीत. दुकान बंद असलं, रात्रीचे दहा वाजले असले तरी यासाठी फोन आला की मी खाली उतरून शटर उघडतो. अशा वेळी जास्त बोलायचं नसतं, कोण गेलं तेवढं विचारायचं, मोठ्या अक्षराची प्रत द्यायची, कारण वाचणाऱ्याचे डोळे भरलेले असतात, आणि एक ग्लास पाणी.

तर थोडक्यात तुमच्या प्रश्नाला उत्तर, चालेल, घरचा गाळा आहे आणि जोडीला पूजेचं सामान ठेवलंत तर, पण पहिली दोन वर्षं घरखर्च त्यावर टाकू नका. शंभर पुस्तकं एकदम भरू नका, साठ भरा, आश्रमात आणि सप्ता करणाऱ्या दोन-तीन मंडळींकडे आधी जाऊन या, वही ठेवा, तोंडी परतीवर विश्वास ठेवू नका.

आणि जमलं तर पितृपक्षात आठ दिवस अमळनेरला या, तेव्हा गर्दी नसते, काउंटरच्या आत माझ्याशेजारी बसा. जेवणाची, झोपण्याची सोय घरी होईल. येताना गाळ्याचं माप आणि कोणती भिंत पश्चिमेला येते ते कागदावर काढून आणा, रॅक कुठे लावायचे ते इथे बसूनच ठरवू, म्हणजे नवरात्राच्या आधी सुताराला काम देता येईल आणि मार्गशीर्षाचा माल वेळेत लागेल.